सुभेदारांची गाडी काही ठरेना

सांगलीत माझं गॅरेज आहे. सेकंडहँड गाडी घेण्याआधी लोक मला तपासायला नेतात. गॅरेजमध्ये भंगार साठतं तसे किस्सेही साठतात. भंगार निदान कुणीतरी उचलून नेतं, किस्से मात्र जागचे हलत नाहीत. त्यातले हे काही साताऱ्याच्या एका रिटायर्ड सुभेदारांचे आणि त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या काकूंचे.

काकूंचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. मिरजेला ट्रीटमेंट चालू होती. येता-जाता त्यांच्या छोट्या गाडीत प्रत्येक खड्डा काकूंच्या पाठीत बसायचा. म्हणून सुभेदारांनी मऊ सस्पेन्शनची मोठी लक्झरी एसयूव्ही घ्यायचं ठरवलं. बजेट सेकंडहँडचं. ट्रीटमेंटला आले की परतताना एक गाडी बघायची. काकूंनी मागच्या सीटवर उशी घेऊन बसून बघायचं आणि मी खोट काढायची.

* * *

पहिलीच गाडी चकाचक! आत सेंटचा घमघमाट. असा वास आला की मला शंका येते. मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. टोकाला वाळलेला पिवळा गाळ. म्हणजे गाडी पुरात बुडालेली.

एजंट म्हणाला, "मालकाचा मळा हाय. शेतातला चिखल असंल."

मागून काकू म्हणाल्या, "मळ्यात जाताना बेल्ट लावणारा मालक मी तरी बघितला न्हाई बाबा."

* * *

दुसऱ्या गाडीचं मीटर अगदी कमी किलोमीटर दाखवत होतं. ब्रेक पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत झालेलं.

"डॉक्टरांची गाडी हाय," एजंट म्हणाला. "फकस्त रविवारी भाईर काढायचे."

सुभेदार खाली वाकून पेडल बघत म्हणाले, "आन् दिवसभर ब्रेकवर हुबं राहायचे व्हय?"

* * *

एक गाडी सगळ्यांना आवडली. एअर सस्पेन्शन, आत बसलं की गादीवर बसल्यासारखं. सौदा होणार म्हणून आम्ही समोर चहाला गेलो. परत येऊन बघतो तर गाडी डाव्या अंगाला खाली बसलेली. सस्पेन्शनमधली हवा गळत होती. रिपेअरचा खर्च ऐकून सुभेदारांनी किल्ली परत केली.

काकूंनी बॉनेटवर हात ठेवला. "माज्यागतच हायस गं बाई तू. बाहेरनं धड, आतनं खचल्याली."

त्या दिवशी कुणीच हसलं नाही.

* * *

पुढची सनरूफवाली. सनरूफचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की पाणी आत येतं, म्हणून मी टपावर बाटलीभर पाणी ओतलं. ते थेट काकूंच्या डोक्यावर! स्कार्फ भिजला म्हणून त्यांनी तो काढला. डोक्यावर एकही केस नव्हता. मी मान फिरवली.

"आवं, बघा की हिकडं," काकू म्हणाल्या. "केस असते तर गळती एवढ्या लवकर कळली असती व्हय?"

* * *

मग ट्रीटमेंट थांबली. आता घरीच ठेवा, जपा, असं डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, गाडीचा विषय संपला. पण पुढच्याच रविवारी दोघं गॅरेजच्या दारात हजर. काकू अर्ध्या झालेल्या, तरी नवी साडी नेसलेल्या.

"गाडी बघायची राह्यलीया न्हवं," सुभेदार म्हणाले.

एका व्यापाऱ्याची गाडी होती. मी इंजिन बघितलं, खालून चेसिस बघितली, पेंट बघितला, सीटबेल्ट ओढले. कुठेही खोट नाही. सुभेदारांनी स्वतः बायपासला लांब चक्कर मारली. काकूंची उशीसुद्धा हलली नाही. परत आल्यावर ते उतरून मालकाशी बोलायला गेले आणि काकूंनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"कशी हाय गाडी?"

"काकू, सोनं आहे. डोळे झाकून घ्या."

"न्हाई. कायतरी खोट काढा." त्यांना दम लागत होता. "उभी नोकरी ह्यांची सरहद्दीवर गेली. आत्ता कुटं संगं फिराया मिळतंय. गाडी घावली की म्हणत्याल, झालं काम, आता घरात पडून ऱ्हा."

तेवढ्यात सुभेदार आले.

"बोला. काय म्हणती गाडी?"

"गिअरबॉक्स," मी म्हणालो. "झटके देतोय."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. मग मागच्या सीटकडे बघितलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"व्हय," ते म्हणाले. "चालवताना मला बी जाणवलं. लय झटके देती. आष्ट्याला एक हाय म्हणत्यात, येत्या रविवारी ती बघू."