काकणखोऱ्यातला महिपतीचा वढा

अजीजुन्निसा मणेरीण मूळची कुंभेरीची. लोणावळ्याच्या पलीकडं डोंगराच्या पोटात हे गाव होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथं धरण झालं आणि गाव पाण्याखाली जायची वेळ आली. तिचा नवरा वाहिद मणेर होता, बांगड्या विकायचा. तो आदल्याच वर्षी तापानं गेला होता आणि गावाबाहेरच्या कबरस्तानात त्याला दफन केलं होतं. पाथरवटानं त्याच्या कबरीच्या दगडावर एक काकण कोरून दिलं होतं. मणेराचा दगड म्हणून लांबून ओळखू यायचा.

धरणाच्या कामावर महिपती नावाचा मुकादम होता. त्याच्या बैलगाड्या होत्या. गाव उठत होतं तेव्हा अजीजुन्निसा त्याच्याकडं गेली.

"मुकादम, कबरीतली मानसं पान्याखाली ऱ्हायली तर ऱ्हाऊ द्या. दगड तेवडं वर आना. नव्या जागंवर उभं करू, त्यांच्या नावानं फातिहा तरी पडंल."

"आणतो की," महिपती म्हणाला. "तुम्ही बिनघोर जावा."

ती भावाकडं लोणावळ्याला आली. महिपतीनं शब्द पाळला, दगड वर आणले. पावसाळा सरल्यावर त्याच दगडांच्या जोत्यावर भुशीच्या वाटेला त्याचं नवं घर उभं राहिलं. टोपलीत बांगड्या घेऊन अजीजुन्निसा त्या वाटेनं चालली होती. महिपती पान थुंकून घरात शिरला तसा तिला पायरीचा दगड दिसला. त्याच्यावर काकण कोरलेलं होतं, आणि महिपतीच्या वहाणेचा चिखल त्या काकणात भरला होता.

तिनं पंच बसवले. पंचांतल्या निम्म्यांची पोरं महिपतीच्या हाताखाली कामाला होती. महिपती मांडी घालून निवांत बसला होता.

"कुंभेरी?" तो म्हणाला. "कुठं आहे कुंभेरी? नव्या नकाशात दाखवा बरं. तिथं पाणी लिहिलंय. गावच नाही तर कबरस्तान कुठलं?"

एकजण हसला. मग बाकीचेही हसले. अजीजुन्निसा पदर सावरून उठली आणि कुणाला सलाम न करता चालती झाली. त्या रात्री तिनं भाकरी खाल्ली नाही. सकाळी मात्र नेहमीसारखी टोपली डोक्यावर घेऊन निघाली.

डोंगरावरच्या ठाकरवाडीत बाया नावाची तिची मैत्रीण होती. गवत कापून विकायची. बायाच्या अंगणात वाडीतल्या बायका बांगड्या भरायला जमायच्या. बांगडी चढेपर्यंत हात मणेरणीच्या हातात, त्यामुळं उठून जायची सोय नाही. मन रमावं म्हणून अजीजुन्निसा काहीबाही सांगायची. त्या दिवशी तिनं बायाचा हात दाबत विचारलं, "काकनखोरं ठावं हाय का तुला?"

"न्हाई बा. कुटं आलं ते?"

"हितनं लय लांब. राज्य हाय मोटं. मधून चुडा नदी वाहती. नदीच्या वरच्या अंगाला पाटलीचं पठार, तितनं बिलवर घाट चढला की गोटगड. अन् गडाच्या पार माथ्यावर कुंभेरी. सात पावसाळं एकदम पडलं तरी तितं पानी चढायचं न्हाई."

बाया कुंभेरी ओळखून होती. ती हळूच म्हणाली, "अन् समद्यात खाली काय हाय?"

अजीजुन्निसाला हाच प्रश्न हवा होता.

"समद्यात खाली महिपतीचा वढा. राज्यातली समदी घान तितं जाती. तहानेनं जीव चालला तरी ढोर त्यात तोंड घालत न्हाई."

बायका हसल्या, आणि त्या हसण्यानं तिच्या पोटात कितीतरी दिवसांनी गार वाटलं.

तिथून ती थांबली नाही. कान्ह्यापासून लोणावळ्यापर्यंत जिथं जिथं तिची टोपली उतरली, तिथं तिथं काकणखोरं वाढत गेलं. एकीनं विचारलं, बाजार कुठं भरतो? तिनं बाजाराचं गाव वसवलं. दुसरीनं माहेर मागितलं, तिला पठारावर माहेर मिळालं. वाटा, पाणवठे, घाट, गावांच्या शिवा, कशातही ती चुकायची नाही. नवं ठिकाण सांगताना ते जुन्यापासून किती लांब आणि कुठल्या हाताला, हे आधी मनाशी पक्कं करायची. खोटं राज्य खऱ्यासारखं उभं राहिलं तरच त्यातला वढा वाहील, हे तिला कळून चुकलं होतं. महिपतीच्या नावाची जागा मात्र तिनं दर खेपेला खालीच ठेवली. महिपतीची दलदल. महिपतीची खिंड, जिथं मेलेली जनावरं टाकतात.

बायकांनी ते जात्यावर नेलं.

*काकणखोऱ्याला गेले, पानी भरीते चुड्याला,*
*म्हैस नाक फिरविते, महिपतीच्या वढ्याला.*

दोन-चार वर्षांत हे गाणं बायकांकडून गुराख्यांकडं आणि गुराख्यांकडून गाडीवानांकडं गेलं. महिपतीच्या घरामागून एक बिननावाचा ओहोळ वाहायचा. कुणी ठरवलं नाही, पण लोक त्यालाच महिपतीचा वढा म्हणू लागले. एकदा स्टेशनाबाहेर गाडीवानानं महिपतीच्या पाहुण्यांना त्याच्याच देखत विचारलं, "कुटं सोडू? वढ्यापाशी का?"

दुसऱ्या दिवशी महिपती बाजारात तिच्या टोपलीसमोर येऊन उभा राहिला.

"माझ्या नावानं काय चालवलंयस?"

"कुटं?"

"ते काकणखोरं."

"मुकादम, ते गाव नकाशात कुटं हाय? दावा बरं. राज्यच न्हाई तर वढा कुटला?"

आजूबाजूचे दुकानदार कान देऊन होते. महिपतीनं आवाज खाली आणला. "दगड परत देतो. तुझ्या नवऱ्याचा. आजच काढून पाठवतो. तेवढं नाव थांबव."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. हा माणूस याचना करतोय, हे तिला पुरतं बघून घ्यायचं होतं.

"दगड घिऊन ठिऊ कुटं? कबर पान्यात हाय. ऱ्हाऊ द्या तितंच. रोज पाय ठिवा."

त्या दिवसापासून महिपती मागच्या दारानं जाऊ-येऊ लागला. मागच्या दारी वढा होता.

पुढं त्याचा कामावरचा दरारा गेला. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण तो आला की कुणीतरी नाक चोळायचं. म्हातारपणी त्यानं बाहेर पडणंच सोडलं. अजीजुन्निसाला याचं कधी वाईट वाटलं नाही. त्याच्या घरच्या बायकांच्या हातात तिनं जन्मात बांगडी भरली नाही. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा तो वारल्याची बातमी बाजारात आली. "बरं झालं," ती सर्वांदेखत म्हणाली आणि बांगड्या पुसत बसली.

सुतक फिटल्यावर महिपतीची बायको सरुबाई तिच्या दारी आली. हात ओकेबोके होते. अजीजुन्निसानं तिला पाणी दिलं.

"मानूस गेला," सरुबाई म्हणाली. "आता तरी ते नाव पुसा."

"न्हाई, सरुबाई."

"माज्या नातवंडास्नी पोरं चिडिवत्यात."

"त्यास्नी पाटलीच्या पठारावर जागा देते. चांगलं झऱ्याचं गाव देते, तुज्या नावाचं. पर वढा त्याच्याच नावाचा ऱ्हायील. मी मेल्यावरबी."

सरुबाई भांडली नाही, रडलीही नाही. उंबऱ्याला टेकून बसली. दोघींचे हात बांगड्यांविना मोकळे होते. मग तिनं विचारलं, "माज्या झऱ्याला जायची वाट कुटनं हाय?"

अजीजुन्निसानं डोळे मिटून मनात एकदा सगळी वाट चालून पाहिली.

"चुडा नदी वलांडायची," ती सांगू लागली, "अन् वढ्याकडं न जाता उजव्या हाताला वळायचं."