जंगलातल्या वाटेचा पास

आर्नी हिएताला हा मार्चमध्ये बर्फ फुटून तळ्यात गेला. वरून बर्फ असा दिसत होता की ट्रकसुद्धा पेलेल, पण ओढा तळ्याला मिळतो तिथे तो आतून झिजलेला होता. आर्नी दुसऱ्या दिवशी सापडला. त्याची स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून पळणारी गाडी, पुढे पाणबुड्यांनी काढली. ती तळाशी राहू देता येत नाही, तसा कायदाच आहे.

वर्ना त्याची बायको, माझी शेजारीण. दफनानंतर चर्चच्या तळघरात तिनेच सगळ्यांना कॉफी ओतली. रडली नाही. लोक म्हणाले, खंबीर बाई आहे. मला तसं वाटलं नाही. दात काढताना सुई दिली की आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं काहीतरी तिला झालं होतं. ती जेवायची, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायची, विचारलं तर उत्तर द्यायची.

आर्नीची आई साइमा तळ्यापलीकडे एकटी राहते. नव्वदीला टेकली आहे. सगळे तिला मुम्मू म्हणतात, म्हणजे फिन्निश भाषेत आजी. हिवाळ्यात तिकडचा रस्ता कोणी साफ करत नाही. आर्नी दर शनिवारी तळ्यावरून जायचा, लाकडं फोडून द्यायचा, वेलदोड्याचा पाव पोचवायचा. मुम्मूचं आणि वर्नाचं कधी फारसं जमलं नव्हतं. गावात येऊन राहा म्हटलं की म्हातारी म्हणायची, "मी इथेच बरी."

पुढच्या हिवाळ्यात पहिला जाड बर्फ पडला आणि वर्ना आमच्या घरी आली. माझा नवरा वेस जेवत होता.

"वेस, आर्नीची गाडी चालू होईल का रे?"

वेसने चमचा खाली ठेवला. "बुडालेलं इंजिन आहे, वर्ना. होईल कदाचित. पण तू दुसरी घे. माझ्या ओळखीत एक आहे."

"हीच आहे ना घरात."

वेसने इंजिन उघडलं, गाळ काढला, अर्धे भाग बदलले. ते चालू झालं, तेव्हा वर्ना दारात उभी होती. म्हणाली, "आवाज तोच आहे," आणि भांडी घासायला गेली.

गाडी अजून आर्नीच्याच नावावर होती. नाव बदलायला मी तिच्याबरोबर नोंदणीच्या कचेरीत गेले. खिडकीमागची मुलगी नवीन होती.

"गाडी कोणाच्या नावावर आहे, मॅडम?"

"नवऱ्याच्या."

"मग त्यांनाच पाठवा ना सहीला."

"तो नाही येणार."

"कामावर असतात का? आम्ही शुक्रवारी उशिरापर्यंत उघडे असतो."

"वारला तो," वर्ना म्हणाली आणि मृत्यूचा दाखला खिडकीतून आत सरकवला.

मुलगी कानापर्यंत लाल झाली. माफी मागायला लागली. वर्ना म्हणाली, "असू दे गं. सही कुठे करू?"

परतल्यावर ती गाडी घेऊन माझ्या दुकानात आली. आम्ही गळ, आमिषाच्या जिवंत मासोळ्या, हातमोजे विकतो, आणि ट्रेलचे, म्हणजे स्नोमोबाइलच्या वाटांचे, पासही देतो.

"रोझेला, एक पास दे."

आर्नीने माझ्याकडून कधी पास घेतला नव्हता. तो तळ्यावर मासेमारी करायचा आणि तळ्यावरूनच आईकडे जायचा. पास लागतो तो जंगलातल्या सार्वजनिक वाटेला, आणि ती वाट तळ्याला लांबून वळसा घालते.

"जंगलातून जाणार?" मी विचारलं.

"हो."

"यायला जायला दिवस मोडेल तुझा."

"मोडू दे. दिवस काय, आहेतच."

पासाचं स्टिकर गारठ्यात चिकटेना. मी केस वाळवायचं यंत्र आणून गाडीचं नाक गरम केलं. वर्नाने अंगठ्याने स्टिकर दाबून बसवलं आणि बराच वेळ अंगठा काढलाच नाही. मी यंत्र बंद केलं, तेव्हा भानावर आली.

शनिवारी ती गेली. परत आली तशी सरळ माझ्याकडेच आली. बूटही न काढता खुर्चीत बसली आणि सांगायला लागली.

मुम्मूने दार उघडलं, वर्नाच्या मागे कोणी आहे का ते पाहिलं आणि विचारलं, "तळ्यावरून आलीस?"

"नाही मुम्मू. जंगलातून."

"लांब पडतं ते."

"पडतं."

वर्नाने लाकडं फोडली. दोघींनी पाव खाल्ला. मग म्हातारी खिडकीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी मीच फोन केला होता त्याला. सूप गार होतंय, लवकर ये असा निरोप ठेवला."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, मला ठाऊक आहे. फोन मीच उचलला होता. निरोप मीच दिला त्याला." वर्ना हातमोज्यावरचा बर्फ उकरत होती. "मला वाटलं, आता राग येईल, नाहीतर रडू तरी येईल. वाट पाहिली मी. काहीच आलं नाही गं. तिलाही नाही. मग तिने विचारलं, अजून कॉफी हवी का? मी हो म्हटलं."

त्यानंतर बर्फ वितळेपर्यंत ती दर शनिवारी जात राहिली. दोघी फार बोलत नाहीत. फेब्रुवारीत एकदा वादळ आलं, तेव्हा वर्ना रात्री तिथेच राहिली. मुम्मूने तिला आर्नीच्या लहानपणीच्या पलंगावर झोपवलं. पाय बाहेर येत होते, म्हणून पायथ्याशी खुर्ची लावून दिली. सकाळी म्हातारीने वर्नाचे बूट स्टोव्हजवळ वाळत ठेवले होते. हे सांगताना वर्ना मध्येच थांबली आणि मग दुसरंच काहीतरी बोलायला लागली.

या वर्षी पासाची विक्री सुरू झाली, तेव्हा दारात पहिली तीच होती.

"कशी आहे म्हातारी?" मी विचारलं.

"कुरकुर करते. पावात वेलदोडा कमी पडतो म्हणे."

"आणि तू?"

"तळं दिसतं गं एका वळणावर. गेल्या वर्षी मी तिकडे बघतच नव्हते. परवा थांबले, बघितलं आणि निघाले."

मी स्टिकर दिलं. ते चिकटवायला ती एकटीच बाहेर गेली.