दिवाणजींची कडू चूळ

दुपारी गिरणीचा पट्टा थांबला की आमच्या दिवाणजींशी बोलण्यात अर्थ नसे. त्यांच्या तोंडात कडुनिंबाचं पाणी भरलेलं असे. गाडीवान विचारी, पोती कुठे उतरवू? दिवाणजी डावी भुवई उचलीत, म्हणजे थांब. खुद्द शेठ दारात येऊन उभे राहिले तरी त्यांच्याही वाट्याला तीच भुवई येई. मग दिवाणजी ओसरीवरच्या पिंजऱ्यासमोर जात, गाल फुगवीत आणि ओठांच्या फटीतून अशी काही फुर्रर करीत की पाण्याचं बारीक धुकं पोपटावर उतरे. पोपट पंख पसरून, मान वाकडी करून ते अंगावर घेई. तीनचार चुळा झाल्या की दिवाणजी पंच्याने तोंड पुसत आणि म्हणत, "हां, आता बोला."

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. पनवेलच्या त्या भातगिरणीत मी वजनकाट्यावर बसत असे. भातगिरणी म्हटलं की लोकांना तांदळाचे ढीग आठवतात. मला आठवते ती धूळ. दिवाळीनंतर भात यायला लागलं की कोंड्याची आणि तुसाची ती धूळ चहाच्या कपात, पापण्यांवर, कानांत, अगदी घरच्या उशीवरसुद्धा सापडे. अंग सदा खाजे. मी तेव्हा तरुण होतो, तरी संध्याकाळी जीव नकोसा होई. दिवाणजी तर त्या धुळीत मिसरूड फुटल्यापासून बसलेले. त्यांचा खोकला गिरणीच्या आवाजाइतकाच आमच्या सवयीचा झाला होता. इंजिन बंद पडल्यावर तो थोडा जास्त ऐकू येई, एवढंच.

पोपट आणला तो कोन गावच्या एका गाडीवानाने. झाड तोडताना ढोलीतून पडलेलं पिल्लू त्याने फडक्यात गुंडाळून दिवाणजींच्या पुढ्यात ठेवलं आणि गाडी हाकून गेला. पिल्लू जगलं, मोठं झालं, कणी खाऊन गरगरीत झालं. नुसतं बसून खातो म्हणून हमालांनी त्याचं नाव ठेवलं 'धाकटे शेठ'. थोरल्या शेठना ते ठाऊक होतं. ते हसण्यावारी नेत.

पण धाकट्या शेठना धूळ सोसेना. ते चोचीने स्वतःची पिसं उपटू लागले. दिवाणजींनी वाटीत पाणी ठेवून पाहिलं, तर वाटी उपडी. लोट्याने ओतलं, तर आरडाओरडा. शेवटी शेजारच्या परटाला इस्त्रीच्या कपड्यांवर तोंडाने पाणी फवारताना पाहिलं आणि त्यांनी तीच तऱ्हा उचलली. निंबाचा पाला सकाळी उकळायचा, मडक्यात निववायचा, पंच्यातून गाळायचा. उन्हाळ्यात त्यात वाळ्याची मुळं भिजत घालायची. थंडीत मडकं उन्हात ठेवून पाणी कोमट करायचं आणि चिमूटभर हळद टाकायची. एकदा हळदीचा हात सैल सुटला आणि धाकटे शेठ छातीपासून शेपटीपर्यंत पिवळे होऊन बसले. "हळद लागली! वरात कवा?" म्हणून हमालांनी दिवसभर हैराण केलं. दिवाणजी एवढे ओशाळले की त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबाही उघडला नाही.

तंबाखूच्या तोंडाने फवारलेलं पाणी पाखराला बाधेल म्हणून त्यांनी तंबाखू सोडली. गिरणीमागच्या खोलीत राहणाऱ्या काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे फार लागलं. मी पाणी प्यायला गेलो की त्या ऐकवायच्या, "माज्यासाठी सोरली नाय, पाखरासाठी सोरली. रोज त्याला नाऊ घालतान, आन् सोता तसंच भुसा लावून घरात येतान." त्या पिंजऱ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. आम्हाला यात गंमत वाटे. काकींना काय वाटत होतं ते मला फार उशिरा कळलं.

दिवाणजी मूळचे गव्हाणचे. धाकटा भाऊ तिथे मिठागरावर होता. तो दर वर्षी निरोप धाडी, "दादा, इकरं ये, मोकली हवा हाय, मिठागरावर बसायचं काम हाय." डॉक्टरांनीही सांगितलं होतं की छातीत भुसा साठलाय, ही जागा सोडा. दिवाणजींचं उत्तर ठरलेलं होतं, "एवढा हंगाम जाऊ दे." हंगाम जाई, पावसाळा येई, दिवाणजी जरा मोकळा श्वास घेत, आणि पुन्हा दिवाळी येई. काकींनी तर मनाने कितीदा बोचकी बांधली असतील.

एकदा मी चिडून विचारलं, "धुळीचा त्रास पोपटाला होतो हे तुम्हाला कळतं, मग स्वतःचं का कळत नाही?"

ते पिंजऱ्याची दांडी पुसत होते. म्हणाले, "त्याला दार उघडून जाता येत नाही, म्हणून त्याचं आपण बघायचं. मी काय, मनात आलं की जाईन."

मनात आलं नाही. की आलं होतं आणि पाय निघत नव्हता, कोण जाणे. एका जागी फार वर्षं बसलेल्या माणसाला उठायचा म्हणून एक कंटाळा असतो. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता मी स्वतः या खुर्चीतून उठताना दोनदा विचार करतो.

मग एका दुपारी दिवाणजींनी चूळ भरली, गाल फुगवले, आणि पाणी पिंजऱ्यापर्यंत पोचलंच नाही. त्यांच्याच सदऱ्यावर सांडलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा खोकल्याची उबळ आली ती थांबेना. धाकटे शेठ पंख पसरून वाट बघत राहिले. हमालांपैकी कोणी थट्टा केली नाही. दिवाणजी ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "झाला बाबा हंगाम."

आठवड्याच्या आत ती दोघं गव्हाणला गेली. पिंजरा गिरणीतच राहिला. काकींनी निक्षून सांगितलं होतं की पाखरू माझ्या घरात नको, त्यानेच यांना इथे बांधून ठेवलं. शेठनी मोठ्या मनाने घरची चांदीची गुलाबदाणी पाठवली. मी तिच्यात निंबाचं पाणी भरून शिंपडू लागलो, तर धाकटे शेठ पाठ फिरवून बसले. थेंब जाड पडत. मी तोंडानेही करून पाहिलं. मला फुर्र साधली नाही, नुसती पिचकारी उडाली. महिनाभरात पोपटाची छाती उघडी पडली. ती उघडी कातडी मला बघवेना. शेवटी एका रविवारी पिंजऱ्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि गव्हाणवरून जाणाऱ्या उरणच्या एस.टी.त बसलो.

दिवाणजी ओटीवर बाजेवर पडले होते. मूठभर राहिले होते. पिंजरा पाहताच उठून बसले. काकी दारात आल्या. निंबाच्या पाण्याची बाटली न्यायला मी विसरलो नव्हतो. दिवाणजींनी तांब्यात पाणी ओतून घेतलं, चूळ भरली. पोपटाने तो आवाज ओळखला. बसल्या जागी त्याने पंख पसरले, मान वाकडी केली. दिवाणजींचे गाल थरथरले आणि पाणी हनुवटीवरून ओघळलं. त्यांनी पुन्हा तांब्या उचलला, तो हातातून निसटायला लागला. पोपट तसाच उभा, उघड्या छातीचा, पंख पसरून.

काकी पुढे आल्या. तांब्या हिसकावूनच घेतला म्हणा ना. "सोरा, तुमच्यानं व्हयाचं नाय," म्हणाल्या आणि चूळ भरली. कडू लागलं असावं, तोंड वेडंवाकडं झालं. मग त्यांनी फुर्रर केली. जोर होता, नेम नव्हता. निम्मं पाणी पोपटावर पडलं, निम्मं पलीकडे बसलेल्या दिवाणजींच्या तोंडावर, छातीवर. मला वाटलं, आता खोकतील. ते डोळे मिटून बसले होते. पांढऱ्या भुवयांवर बारीक थेंब होते.

"आजून एक," दिवाणजी म्हणाले.

काकींनी पुन्हा चूळ भरली. या वेळी नेम कुणावर होता ते मी सांगू शकत नाही. मला रडू आलं, म्हणून मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

पुढचा हंगाम दिवाणजींनी पाहिला नाही. मला गिरणीतून सुटी मिळाली ती पार होळीच्या सुमारास. गव्हाणला पोचलो तेव्हा दुपार होती. काकी ओटीवर पिंजऱ्यासमोर पाठमोऱ्या उभ्या होत्या. पोपटाच्या छातीवर हिरवी पिसं फुटली होती. मी पायरीवरूनच विचारलं, "काकी, बऱ्या आहात ना?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. गाल फुगलेले होते. त्यांनी डावी भुवई उचलली.

मी थांबलो.