दोन होता होता

मुलांनो, गेल्या महिन्यात तुमच्या ऋचाताईने मला तिची प्रयोगशाळा दाखवली. खोलीत अंधार केला, मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि म्हणाली, "आजी, नुसतं बघायचं. काही आवरायला जाऊ नकोस."

काळ्याभोर अंधारात हिरवे धागे उजळले होते. पेशीला आतून पेलून धरणारा हा सांगाडा एरवी दिसत नाही. चमकणारा रंग धाग्यांना चिकटला, की ठराविक प्रकाशात दिसतो. एका पेशीत धागे दोन्ही टोकांकडून ताणलेले होते आणि मधले निळे तुकडे, म्हणजे गुणसूत्रं, निम्मे इकडे, निम्मे तिकडे निघाले होते.

"इथे एकीच्या दोन पेशी होत होत्या," ऋचा म्हणाली.

"मग झाल्या का?"

"नाही गं. आम्ही रंगवण्याआधी पेशी मारतो. जे चाललं असेल ते तिथेच थांबतं."

मला तिथून डोळा काढवेना. तुमचे आजोबा गेले त्या सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले होते, "अगं, कपाटाच्या वरच्या खणात..." आणि तेवढ्यावरच थांबले. ते वाक्य माझ्या घरात अजून तसंच उभं आहे. त्या खणात दोन स्वेटर आहेत, एक बंद पडलेला रेडिओ, एक छत्री. एकेक वस्तू मी कितीदा खिडकीशी नेऊन पाहिली. त्यांना कोणती हवी होती, ते कळत नाही.

"आजी, पुरे आता, मान दुखेल."

बाकी सगळं घर मी आवरते. तो खण मात्र उघडते, पाहते आणि प्रत्येक वस्तू होती तिथेच परत ठेवते.