दिग्गीचा वाटा

आम्ही दिग्गीला राहायला जाणार, हे बाबांनी सांगितलं ते तेर्सानंतर. तेर्स म्हणजे संध्याकाळची जपमाळ. सुप्यातल्या आमच्या घरी ती रोज होई आणि बाबाच ती चालवत. शेवटचं आमेन झालं, आम्ही उठू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "बसा. अजून उपकार मानायचे हायत." आम्ही पुन्हा गुडघे टेकले आणि देवाचे आभार मानले. कशाबद्दल, ते नंतर कळलं.

मी नऊ वर्षांची होते. आधी आभार आणि मग बातमी हा क्रम उलटा आहे, असं मला वाटलं. मी आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून तिला हे आधी माहीत होतं की नव्हतं, ते ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

पहिलं महायुद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती. बाबा लाकडाच्या डेपोत करवतीवर होते. त्यांना मराठी वाचता येई आणि कोकणीतल्या सगळ्या प्रार्थना पाठ होत्या. रेल्वेलाइनीकडच्या गावातले पाद्री दोन-तीन महिन्यांनी सुप्याला येत. दिग्गीच्या रानात लाकूडतोडीला गेलेली पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबं तिथेच राहिली होती आणि त्यांच्या मुलांना क्रुसाची खूणही धड येत नाही, असं पाद्रींना कळलं होतं. बाबांनी बायकामुलांसह तिथे राहावं, मुलांना प्रार्थना आणि अक्षरं शिकवावीत, आजाऱ्याला औषध द्यावं, मरणाऱ्याजवळ बसावं, असं ठरलं. शेवटच्या कामासाठीच बाबा निघाले होते, असं मला वाटतं. त्यांचे वडील रानातल्या छावणीत तापाने गेले, तेव्हा जवळ प्रार्थना म्हणायला कुणी नव्हतं. ही गोष्ट बाबा वर्षातून एकदाच सांगत आणि सांगून झाल्यावर बाहेर जात.

पाद्रींनी या सगळ्याला 'मिशन' म्हटलं. आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ पाद्रींना विचारण्याची हिंमत कुणाला झाली नाही. मामाने बाबांना विचारला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. डेपोत बैलगाडी हाकायचा.

"म्हंजे दाजी, तितल्या वाघांना तेर्स शिकवनार तुमी?"

"मान्सं हायत तितं."

"हायत की. वाघांनी ठेवलेली."

आई म्हणाली, "बाबू, गप बस." पण तीही हसली.

तयारी सुरू झाली. तयारी म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ज्याला जे सुचेल ते तो करी. बाबा रोज धर्मशिक्षणाची पाच प्रश्नोत्तरं मराठीत पाठ करत. आईने चादरी शिवल्या, मग उसवल्या आणि त्यांची लहान पांघरुणं केली. पाद्रींनी पाट्या, पेन्सिली आणि औषधांची एक पेटी पाठवली. पेटीतल्या बाटल्यांवर बाबांनी कागद चिकटवून ताप, हगवण, जखम असं लिहिलं. एका बाटलीवर काय लिहायचं ते त्यांना कळेना. ती तशीच राहिली.

सगळ्यांत मोठी अडचण बुधवंताची होती. बुधवंत म्हणजे दिग्गीच्या कुणब्यांचा प्रमुख. घराला जागा, खांबांना लाकूड, शाळेला मुलं, सगळं त्याच्या होकारावर होतं. तो नाही म्हणाला तर पाद्रींचाही उपयोग नव्हता. त्याच्याबद्दल मामाने एक माहिती आणली.

"दाजी, डुकरं पाळनाऱ्याच्या घरचं पानी ती लोकं घेत न्हाईत. पान्याचा तांब्याच घेतला न्हाई तर पाटी कोन घेनार?"

आमच्या परसात एक डुक्कर होतं. ईस्टरसाठी आई ते वाढवत होती. पेज काढली की पहिला वाटा त्याचा. तिसऱ्या दिवशी रेल्वेकडचे नातेवाईक आले आणि डुक्कर काठीला बांधून घेऊन गेले. त्याचं ओरडणं नदीपर्यंत ऐकू येत होतं. त्या संध्याकाळी बाबांनी तेर्सानंतर त्यागाची संधी दिल्याबद्दल देवाचे आभार मानले. आईने आमेन म्हटलं आणि रिकाम्या खोपट्यावर तट्ट्या टाकायला गेली.

त्याच आठवड्यात धाकट्याला हिवताप आला. तो दोन वर्षांचा होता. तापाच्या तिसऱ्या पाळीला त्याचे डोळे फिरले. त्या दुपारी दोन गोष्टी घडल्या. त्यांतली आधी कुठली, याबद्दल घरात पुढे कधी एकमत झालं नाही. बाबा जंगलखात्याच्या कंपाउंडरकडून क्विनीन घेऊन आले. आणि आईने वेदीसमोर, आमच्या घरातल्या त्या लहानशा फळीवरच्या माउलीसमोर, नवस बोलला. मी तो ऐकला. शब्द असे होते : "माझं लेकरू उठू दे, माये. या घरातलं कुनी परत डुकराला तोंड लावनार न्हाई."

लेकरू उठलं. बाबांना नवस कळला तेव्हा ते खूश झाले. दिग्गीला तसंही डुक्कर चालणार नव्हतंच. देवाने दोन कामं एकात केली, असं ते म्हणाले.

पावसाच्या आधी एकदा जागा बघून यावं म्हणून आम्ही दिग्गीला निघालो. बाबा, आई, तिच्या पाठीवर धाकटा, मी, आणि ओझं घ्यायला मामा. गाडीवाट संपल्यावर पायवाट. वाटेत एका वस्तीवर मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा वाडीतले पुरुष नुकतेच शिकारीहून आले होते. बुधवंताच्या अंगणात पळसाच्या पानांवर मांसाचे वाटे घालणं चाललं होतं. ते काय आहे, हे विचारायची गरज नव्हती. मुंडकं शेजारीच ठेवलं होतं, सुळ्यांसकट.

मामा माझ्या कानाशी म्हणाला, "घरचं घालवलं आनि रानातलं दारात आलं."

बुधवंत साठीचा होता. कमरेला लंगोटी, खांद्यावर कांबळं. त्याने आम्हाला बसायला चटई दिली. आईने आमच्या तांब्यातलं पाणी पुढे केलं, तर ते त्याने सहज घेतलं आणि प्यायला. बाबा पाहत राहिले. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"तुमी डुक्कर खाता?"

"रानातलं. त्ये कंदमुळं खातंय. गावातलं काय बी खातंय, त्ये न्हाई खात."

"आमी पाळत होतो. तुमच्यासाटी घालवलं."

बुधवंताने विचार केला. "आमच्यासाटी कशापायी? आमी कुटं मागितलं हुतं?"

तेवढ्यात वाटे पुरे झाले. ज्याच्या चाहुलीने डुक्कर उठलं त्याचा एक, ज्याने मारलं त्याचा एक, मग घरागणिक एकेक. बुधवंताने पानावर आणखी एक वाटा काढला आणि तो आईच्या पुढे ठेवला.

"आजच्याला तुमी वाडीत हाय. ह्यो तुमचा."

याचा अर्थ मलाही कळला. वाटा ज्याला मिळतो तो वाडीचा. जागा, खांब, शाळा, सगळं त्या पानावर होतं. बाबांनी आईकडे पाहिलं. तिने 'घेते' म्हणावं असं त्यांना वाटत होतं की 'नको' म्हणावं असं, ते त्यांनाही माहीत नव्हतं, असं मी मानते.

आईने धाकट्याला मांडीवर ओढलं. म्हणाली, "दादा, आमाला चालत न्हाई. ह्या लेकराच्या तापात मी बोलून बसले हाय. घरात कुनी डुकराला तोंड लावनार न्हाई म्हनून."

अंगणातले सगळे थांबले. बाबांची मान खाली गेली.

"बोलली हायस?" बुधवंताने विचारलं. "आनि पोर उटलं?"

"ह्ये काय बसलंय."

"मग मोडू नगंस. आमी बी बोलतो. देवाला बोललेलं मोडू न्हाई." त्याने पान आईकडे आणखी सरकवलं. "पर वाटा घे. वाटा घ्यायचा असतोय. खायाचा का न्हाई त्ये तुजं तू बग."

आईने पान उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळी बुधवंताने ओढ्याजवळची जागा दाखवली आणि खांबांसाठी चार झाडं बोटाने दाखवली. वाटा रात्री मामाने खाल्ला. तो म्हणाला, "मी ह्या घरातला न्हाई. मी मामा."

परतीच्या वाटेवर बाबा आनंदात होते. काम झालं होतं. तरी पाद्री सुप्याला आले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. बुधवंताचं 'आमी बी बोलतो' हेसुद्धा.

पाद्री म्हातारे आणि मऊ बोलणारे होते. त्यांनी नेमकं तेवढंच वाक्य धरलं.

"म्हणजे त्याला वाटलं, तुम्ही आणि तो एकच करता. देवाशी सौदा. तुम्ही तिथे कृपा शिकवायला जाणार. ती फुकट मिळते, हे सांगायला." मग ते आईकडे वळले. "बाई, नवस फक्त स्वतःच्या तोंडाचा बोलता येतो. नवऱ्याच्या आणि मुलांच्या तोंडाचा नाही. ते मोकळे आहेत. तुम्हालाही मी मोकळं करू शकतो. लोकांनी प्रेमाने दिलेलं खा."

"पादर, त्यांना मोकळं केलंत, आता ती मोकळी," आई म्हणाली. "मला नगा करू."

"का?"

"लेकरू मी मागितलं."

बाबा म्हणाले, "अगं, क्विनीन—"

"क्विनीन बी द्येवानंच दिलं न्हवं? मग नवस कोनी दिला?"

पाद्री म्हणाले, की दोघांचं मन एक असल्याशिवाय कुटुंबाला पाठवणं बरं नाही. विचार करा आणि पावसाच्या आधी कळवा.

तो महिना घरात सगळ्यांत अवघड गेला. बांधलेलं सामान बांधलेलंच होतं. बाबांनी डेपोतलं काम सोडलं होतं, म्हणून ते दिवसभर घरी असत आणि आईच्या मागे मागे फिरत. भांडण झालं नाही. बाबा शास्त्र सांगत. आई ऐकून घेई, 'व्हय' म्हणे आणि काम करत राही. एकदा मी तिला विचारलं, तू एक घास खाल्लास तर धाकट्याला परत ताप येईल का? ती म्हणाली, "मला काय म्हाईत?" मी म्हटलं, मग पाद्री सांगतात ते ऐकत का नाहीस? ती म्हणाली, "त्यांना बी काय म्हाईत?" आणि लगेच क्रुसाची खूण केली, स्वतःच्या तोंडावर.

तोड तिनेच काढली. तुम्ही खा, पोरं खाऊ देत, मी खाणार नाही. आणि मी खात नाही म्हणून तुम्हाला कधी अडवणार नाही. पाद्रींनी याला एकमत मानलं. मला ते एकमत वाटलं नाही, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

पावसाच्या तोंडावर आम्ही दिग्गीला गेलो. शाळेत पहिल्या दिवशी सात मुलं आली, त्यांतली तीन कुणब्यांची. बाबा सकाळी अक्षरं शिकवत, दुपारी पेटी घेऊन फिरत. सुगी झाली, आणि नंतर एके दिवशी शिकारीचा पहिला वाटा दारात आला.

आईने तो स्वतः शिजवला. मीठ चाखायला मला बोलावलं. जेवायला बसलो तेव्हा तिने बाबांना वाढलं, मला वाढलं, धाकट्याच्या ताटलीत एक मऊ तुकडा कुस्करून घातला आणि स्वतः नाचणीची भाकरी अन् चटणी घेतली. बाबांनी प्रार्थना म्हटली. त्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि तो चावत असताना ते सबंध वेळ धाकट्याकडे पाहत होते. धाकटा दोन्ही हातांनी खात होता.

पुढचे आठ-दहा दिवस बाबा शाळेतून मध्येच घरी येत. पाणी प्यायला आलो, म्हणत. येता-जाता धाकट्याच्या कपाळाला हात लावत. त्याला ताप आला नाही. शेवटी एका संध्याकाळी तेर्सानंतर त्यांनी आम्हाला बसवून ठेवलं आणि मुलाच्या प्रकृतीबद्दल उपकार मानले. आई त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर होती. तिनेही आभार मानले. मोठ्याने, त्यांच्याच शब्दांत. बाबा देवाचे आभार मानत होते, की नवसाची गरज नव्हती हे दिसलं. आई मानत होती, की तिने एकटीने पाळलेला नवस पुरला. दोघांचं आमेन एकदम आलं. मी ओठ हलवले.

दुसरा वाटा महिन्याभराने आला. आई चुलीवर पाणी ठेवत होती. बाबांनी पान हातात घेतलं, उंबऱ्यात थोडा वेळ उभे राहिले आणि ते शेजारच्या घरी देऊन आले. आईने चुलीवरचं पाणी उतरवलं आणि भाकरीचं पीठ परातीत घेतलं, या वेळी चौघांचं.