कोपऱ्यावरचं वजन

आमच्या मावससासूबाईंच्या घरी कधी कोणी फुकट बसलं नाही. क्रांती चौकाच्या मागं त्यांचा लहानसा फ्लॅट होता आणि पावसाळा सोडला तर त्याच्या बाहेरच्या खोलीत कायम एक अर्धवट गोधडी अंथरलेली असे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चप्पल काढली की पाय थेट गोधडीवरच पडायचा. लोक कापड ताणायला पाटा-वरवंटा ठेवतात, पाण्यानं भरलेली घागर ठेवतात. मावशी माणसं ठेवत. "या, बसा. इथं नाय, त्या कोपऱ्यावर. जरा ताणून बसा." पाहुणा म्हणजे त्यांच्या लेखी चहा पिणारं वजन. एकदा विम्याचा एजंट पॉलिसी समजावून सांगायला आला आणि दुपारभर कोपरा धरून बसला. जाताना त्या कौतुकानं म्हणाल्या, "लई गुणी लेकरू. विमा नाय काढायचा मला, पण येत जा."

माणसाची पारख त्या याच कसोटीवर करत. पदवी, पगार, घराणं हे सगळं त्यांना वरचं अस्तर वाटे. त्यांची भाची बघायला मी याच घरी आलो तेव्हा मलाही एक कोपरा मिळाला होता. पायाला मुंग्या येऊन पाय आपला आहे की शेजाऱ्याचा हे कळेनासं झालं, तरी भिडेपोटी मी जागचा हललो नाही. मावशींनी निकाल दिला, "पातळ हाय, पण हालत नाय. देऊन टाका पोरगी." माझ्या एकूण कर्तृत्वाचं इतकं नेमकं मूल्यमापन पुढं नोकरीत कोणत्याही साहेबाला जमलं नाही.

त्यांचा मुलगा वाळूजला एका कारखान्यात होता. आईची ओढाताण बघवेना म्हणून त्यानं लोखंडी पाइपची एक भलीमोठी चौकट वेल्डिंग करून आणली. गोधडी तिच्यावर ताणायची आणि खुर्चीत बसून शिवायची, अशी योजना. मावशींनी चौकटीला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "ह्याच्यावर वाकळ ताणली, तर पावणे कुठं बसतील?" पुढं गॅलरीत त्या चौकटीवर कारल्याचा वेल फार सुरेख चढला.

अशा या घरात नातीचं लग्न ठरायची वेळ आली. म्हणजे नातीचं आणि कंपनीच्या बसमध्ये रोज भेटणाऱ्या एका मुलाचं आधीच ठरलं होतं. मुलाच्या वडिलांचं ठरायचं होतं. मुलगा वडिलांचा शब्द मोडणारा नव्हता आणि नात त्याला मोडू देणारी नव्हती. त्यामुळं सगळी भिस्त त्या एका गृहस्थांवर. गावात त्यांना सगळे 'साहेब' म्हणत, आणि स्वतःच्या नावाची कमान त्यांनी स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या देखरेखीखाली उभी केली होती. ते मुलगी बघायला येणार त्या दिवशीही गोधडी जागेवर होती.

"आई, आजच्या दिवस गोळा कर," मुलानं हात जोडले.

"नुसते टाचे घातलेत. उचलली की आतली लुगडी सरकतील. पोटात गोळे झालेली वाकळ तुझ्याच पोरीला देऊ का लग्नात?" पोलीस ॲक्शननंतर, रझाकारी संपल्यावर, माहेराहून आलेलं पहिलं लुगडंही त्या गोधडीच्या पोटात होतं. विषय संपला.

साहेब आले. कडक इस्त्री, खांद्यावर जरीकाठी उपरणं. त्यांना चौथा कोपरा देण्यात आला. बाकीच्या तिन्हींवर मी, मावशींचा मुलगा आणि नवरदेव. साहेबांनी आपल्या घराण्याचा इतिहास सुरू केला. मावशी कडेनं दोरे घालत सरकत होत्या आणि मधूनमधून दाद देत होत्या, "व्हय का? जरा डावीकडं सरका." कमानीपर्यंत येऊन इतिहास संपला. पोहे संपले. साहेब म्हणाले, "बरंय, विचार करून कळवतो." याचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. दारामागं नातीच्या बांगड्यांचा आवाज थांबला. साहेब उठले आणि त्यांच्याबरोबर गोधडीचा कोपराही उठला. उपरण्याचं टोक मावशींनी चांगल्या दुहेरी दोऱ्यानं आत शिवून टाकलं होतं.

मावशींचा मुलगा कात्री आणायला धावला.

"ठेव ती. घातलेला दोरा मी उसवत नसते."

"मग उपरणं कापू?"

"लगीन ठरायच्या आधी पावण्याचं उपरणं कापतेत व्हय? काय अक्कल हाय का नाय?"

खाली जीपमध्ये गावची माणसं थांबलेली. उपरण्याशिवाय साहेबांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि पाहावं अशी साहेबांचीही इच्छा नव्हती. ते पुन्हा बसले. इतिहास संपलेला असल्यामुळं काय बोलावं हे त्यांना कळेना. बराच वेळ सुईकडं बघत राहून ते साध्या आवाजात म्हणाले, "आमची आई कोपऱ्यावर धोंडे ठेवायची."

"मी तरी दुसरं काय करून राहिले?" मावशी म्हणाल्या.

मग साहेब हसले. असे हसले की चारही कोपरे ढिले झाले आणि मावशींनी त्यांना त्याबद्दलही टोकलं. त्यानंतर त्यांनी दुसरा चहा मागितला आणि आईच्या वाकळांबद्दल सांगत बसले. उन्हं उतरल्यावर ते उपरणं तिथंच सोडून मोकळ्या खांद्यांनी उठले. म्हणाले, "राहू द्या. सुनेबरोबरच येऊ द्या घरी."

उपरणं शिवलं गेलं ती चूक होती की नाही, हे मी मावशींना नंतर विचारलं. "मला आता दिसतं कुठं, जावाईबापू," असं म्हणत त्यांनी एका दमात सुईत दोरा ओवला.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या खोलीत सोफा आला आहे आणि त्याच्यावर कोणीही कसंही बसतं. परवा नातीच्या सासरी गेलो होतो. गच्चीवर तीच गोधडी उन्हात टाकली होती, एका कोपऱ्यात जरीची मळकी किनार अजून दिसत होती. वारा सुटला तसा मी सवयीनं जाऊन एका टोकावर बसलो. साहेब आता थकले आहेत, काठी टेकत आले आणि कोणी न सांगता आपल्या कोपऱ्यावर बसले. जरा वेळानं ते हळूच म्हणाले, "डावीकडं सरकू का?"

ते मला विचारत नव्हते, म्हणून मी उत्तर दिलं नाही. ते थोडं थांबले, आणि सरकले.