वन्संना दाखवलेलं बेट

आधीच सांगून ठेवते, फजिती माझी झाली हे खरं, पण चूक माझी नव्हती. अजित, म्हणजे माझा नवरा, ही गोष्ट सांगतो तेव्हा चूक माझीच असते, म्हणून ती त्याच्याकडून ऐकूच नका. चहा घ्या, मी सांगते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मोठ्या नणंदबाई, संध्यावन्सं, पुण्याहून आमच्याकडे आल्या. आम्ही मस्कतजवळ सीबला राहतो. वन्सं नुकत्याच ग्रीसचं एक बेट बघून आल्या होत्या. ग्रीसहून आलेलं माणूस घरात राहायला आलं की काय होतं हे तुम्हाला माहीत नसेल, तर देव तुम्हाला तसंच अज्ञानात ठेवो.

मत्रहच्या बंदरावर नेलं. म्हणाल्या, छान आहे, पण त्या बेटावर ना, घरं पांढरीशुभ्र आणि घुमट निळे. निझव्याचा किल्ला दाखवला, तर सगळं तपकिरीच आहे गं तुमच्याकडे. संध्याकाळी सीबच्या किनाऱ्यावर नेलं, तर म्हणतात, इथे सूर्य समुद्रात बुडत नाही वाटतं? तिकडे बुडायचा.

आता सूर्य कुठे बुडवायचा हे काय माझ्या हातात आहे?

पण जेवताना त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं या वाळूत काढलीत, मला अजितचं कौतुकच वाटतं." तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. घर भाड्याचं असलं म्हणून काय झालं, त्याला नावं ठेवलेली मी ऐकून घेत नाही. आणि इथे राहून मी काय वाळू चाळत बसले होते? मी त्याच रात्री दैमानियत बेटांची सहल ऑनलाइन बुक केली. किनाऱ्यापासून तासाभरावर ही बेटं. हिरवंनिळं पाणी, पांढरी वाळू, कासवं. म्हटलं, बघाच आता.

कंपनीचा मेसेज आला. शुक्रवारी सकाळी मरीनावर या, पांढरी बोट, वर निळं छत, कॅप्टनचं नाव सलीम, सोबत दुसरेही प्रवासी असतील.

तिथे पोचलो तर सगळ्याच बोटी पांढऱ्या आणि निम्म्यांवर निळी छतं. पण मी गोंधळणारी बाई नाही. डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनला बसते, दाढ दुखणाऱ्या माणसांना रांगेत उभं करते. एका बोटीत एक पन्नाशीचा ओमानी माणूस दोर सोडत होता. मी विचारलं, सलीम? तो म्हणाला, हो. दैमानियत? इन्शाल्ला. म्हटलं, आम्ही तिघं.

त्याने बोटीत बसलेल्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग दोघंही हसले आणि त्याने हात पुढे करून म्हटलं, "तफद्दल." म्हणजे या, बसा.

अजित मागून पुटपुटला की मेसेजमध्ये धक्क्याचा नंबर वेगळा होता. मी त्याला म्हटलं, तू बॅग उचल.

आता तुम्हीच सांगा. बोट पांढरी, छत निळं, माणूस सलीम, जायचं दैमानियतला. आणखी काय पुरावा हवा?

बोटीत त्या बाई, त्यांच्या दोन मुली आणि एक म्हाताऱ्या आजी होत्या. हे दुसरे प्रवासी, मी ओळखलं. मी आधी कॅप्टनला निघायला उशीर झाल्याचं सुनावलं. मग मुलींच्या पिशव्या उचलायला लावून वन्संना पुढची जागा दिली, तिथून फोटो चांगले येतात. मग लाइफ जॅकेटं मागितली. मग गाणी बंद करायला लावली. इथे बऱ्याच जणांना हिंदी कळते, आणि इतक्या वर्षांत माझी एवढी पक्की झालीय की रागावताना मला एक शब्द शोधावा लागत नाही. सलीम प्रत्येक वेळी बाईंकडे बघायचा, मान हलवायचा आणि सांगितलेलं करायचा.

थोड्या वेळाने त्या बाई उठून थर्मासमधून कावा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, ओतायला लागल्या. मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. म्हटलं, बसा हो, तुम्हीपण पैसे भरलेत, त्याला करू दे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग सलीमने एका हातात सुकाणू धरून दुसऱ्या हाताने सगळ्यांना कावा दिला, खजूर दिले. वन्संना ठाऊक नव्हतं की पुरे झालं की कप जरा हलवायचा असतो. तो भरत राहिला, त्या पीत राहिल्या. मी काही सांगितलं नाही.

बेटं दिसायला लागली तसं पाणी असं काही हिरवं झालं की वन्सं कडेवरून वाकून बघायला लागल्या. एक मोठं कासव बोटीला समांतर पोहत गेलं, तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. ग्रीस हा शब्द त्या सकाळी त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही. मला असं वाटलं की हा समुद्र, हे कासव, सगळं मीच घरी करून आणलंय.

सलीमने मध्येच मासे धरायची काठी बाहेर काढली होती. मी त्याला म्हटलं, कार्यक्रमपत्रिकेत मासेमारी नाही, आधी कासवं. त्याने काठी ठेवून दिली. जरा हळूच ठेवली, एवढं मला आठवतंय.

पाण्यात उतरायला चष्मे कुठे आहेत म्हणून विचारलं, तर त्याने मुलींचे गुलाबी चष्मे काढून दिले. एवढी मोठी कंपनी आणि लहान मुलांचे चष्मे देता, असं मी बोलले. वन्सं मात्र गुलाबी चष्मा लावून पाण्यात गेल्या त्या बाहेर यायलाच तयार नाहीत. मधूनच डोकं वर काढून ओरडायच्या, "मीनल, पिवळे मासे!" आजी वाळूवर बसून हसत होत्या.

दुपारी वाळूवर चटया अंथरल्या. भात, भाजलेला किंगफिश, लिंबू, वर ओमानी हलवा. मी मनात म्हटलं, बुकिंगमध्ये तर नुसतं सँडविच लिहिलं होतं. वन्सं, अजित आणि मुली अजून पाण्यातच होते. माझ्याशेजारी त्या बाई बसल्या, नाव मरियम, शाळेत शिकवतात. माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढून त्यांनी गोड आवाजात विचारलं,

"आप सलीम के ऑफिस में कब से हो?"

"मैं? मैं तो क्लिनिक में हूँ. कौन सलीम?"

"मेरा शौहर." आणि त्यांनी माशावर लिंबू पिळणाऱ्या कॅप्टनकडे बोट दाखवलं.

माझा घास हातातच राहिला. मरियमनी सलीमला हाक मारली. दोघांचं अरबीत काहीतरी झालं आणि मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मरियमना वाटलं होतं, ही सलीमच्या ऑफिसातली, त्यानेच बोलावलेली. सलीमला वाटलं होतं, ही मरियमच्या शाळेतली. माझं वागणं बघून तर त्याची खात्रीच पटली होती की ही त्यांची नवी हेडमिस्ट्रेस. म्हणून तो सकाळपासून गप्प होता.

कंपनी वगैरे काही नव्हतं. एक माणूस आठवडाभर काम करून सुट्टीच्या दिवशी आई-बायको-मुलींना घेऊन मासे धरायला निघाला होता आणि त्याच्या बोटीत मी चढले होते.

मग खुलासा का नाही विचारलात, असं मी त्यांनाच विचारलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणा हवं तर. सलीम म्हणाला, दारात आलेल्याला कोण आहेस असं लगेच विचारत नाहीत. बोटीत आलेल्याला तर नाहीच, कारण मग त्याने उतरायचं कुठे?

मी माफी मागितली, मनापासून मागितली. पण तेवढ्यात पाण्यातून वन्सं येताना दिसल्या. हे त्यांना कळलं तर पुण्यात कितीजणींना कळेल याचा विचार करा. मी मरियमना एवढंच म्हटलं, की ती माझ्या नवऱ्याची बहीण आहे, मोठी.

"मोठी?" मरियमनी विचारलं. त्यांनी वन्संकडे पाहिलं, मग आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हातावर हात ठेवला. "खलास." म्हणजे झालं, काळजी करू नका.

नणंद काय असते हे कुठल्याही भाषेत समजावून सांगावं लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तिथून पुढे सलीम मला दर वाक्याला "येस मॅडम" म्हणायला लागला. फोटो कुठून काढू मॅडम, बोट हळू घेऊ मॅडम. मरियम ओढणीत तोंड लपवून बसल्या होत्या. मी त्याला हळूच काठी काढायला सांगितली, आणि वन्संना जाहीर केलं की आता कार्यक्रमात मासेमारी आहे. त्याला मासा मिळाला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या. उतरताना आजींनी वन्संच्या हातात उरलेला हलवा दिला, आणि वन्सं मला म्हणाल्या, "मीनल, अशी सर्व्हिस ग्रीसमध्येसुद्धा नव्हती गं."

हे वाक्य ऐकायला मी काय काय केलं असतं. ते ऐकलं आणि बॅग उचलून गाडीकडे निघाले. गाडीत अजितला सगळं सांगायचं होतं, पण मागे वन्सं होत्या. त्याला रात्री सांगितलं. तो हसून हसून पलंगाच्या कडेला गेला.

मला वाटलं, मिटलं. पण वन्सं कुठल्याही गोष्टीची पोचपावती दिल्याशिवाय राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी माझ्याकडून त्या कंपनीचं नाव घेतलं होतं, मीही बावळटासारखं दिलं होतं, आणि त्यांनी कंपनीच्या पानावर पाच तारे देऊन लांबलचक कौतुक लिहिलं. सोबत फोटो. सलीम कावा ओततोय आणि मी त्याच्यासमोर बोट उगारून उभी आहे.

दुपारी चहाच्या वेळी कंपनीचं उत्तर आलं. वन्संनी चष्मा लावून आमच्यासमोर मोठ्याने वाचलं. "मॅडम, आभारी आहोत, पण तुम्ही तिघं त्या दिवशी आलाच नाहीत, आम्ही बराच वेळ वाट पाहिली. फोटोतली बोट आमची नाही आणि कॅप्टनही आमचा नाही. मात्र हे गृहस्थ आमच्याकडे नोकरी करतील का, एवढं विचारून कळवा. त्यांच्यावर ओरडणाऱ्या मॅनेजरबाई मात्र नकोत."

वन्संनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. अजित छताकडे बघायला लागला.

मी मुळीच मान खाली घातली नाही. म्हटलं, वन्सं, उत्तर टाका. लिहा, मॅनेजरबाईंनाच तुमची नोकरी नकोय.